पुढची मोटारसायकल कोणती?



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांस थोडें आश्चर्य वाटलें असेल. कोणते ग्रंथ वाचावे, मुलास कोणत्या विद्याशाखेंत घालावें, प्रकृति कशी सांभाळावी, यांविषयीं भाषणें आपण नेहमींच ऐकतां. पण मोटारसायकल कोणती घ्यावी, हा प्रश्न नभोवाणीवरून चर्चा करण्याइतका महत्त्वाचा आहे काय? माझ्या मतें आहे. मध्यम स्थितींतील कुटुंबांत घर आणि लग्नकार्य यांच्या खालोखाल एकरकमी मोठा खर्च होतो तो बहुधा वाहनाचा. शिवाय घरांतील दुसरी एखादी वस्तु मनाजोगी निघाली नाहीं, तर ती कोपऱ्यांत पडून राहते. वाहन मात्र आपणांस आपल्या पाठीवर घेऊन रस्त्यावर जातें. तेव्हां त्याची निवड करतांना चार घटका विचार करणें अस्थानीं होणार नाहीं.

निवडीचा हा प्रश्न आपल्याकडे तसा नवा आहे. आमच्या वडिलांच्या पिढीस तो पडला नाहीं, कारण निवडण्यासारखें फारसें कांहीं नव्हतेंच. रेडिच येथील इंग्रज कारखान्याची बुलेट १९५५ पासून मद्रासेस जुळविली जाऊं लागली; १९६१ मध्यें म्हैसूरच्या कारखान्यांतून जावा निघूं लागली व पुढें १९७३ पासून तिला येझदी हें नांव मिळालें; यांच्या जोडीला राजदूत. एवढ्यांत सारा बाजार आटोपत असे. नोकरदार माणसानें तर मोटारसायकलीच्या वाटेस न जातां आकुर्डीच्या स्कूटरला 'नंबर लावावा', आणि तो लागेपर्यंत वर्षानुवर्षें सायकल मारीत कचेरी गांठावी, अशी रीत होती. जी गाडी मिळाली तीच आवडती गाडी! पुढें १९८४ ते १९८६ या दोन-तीन वर्षांत जपानी कारखान्यांच्या सहकार्यानें इंड-सुझुकी, हिरो होंडा, यामाहा आणि कावासाकी बजाज या शंभर घनसेंटिमीटरांच्या हलक्या गाड्या एकामागून एक आल्या, आणि मराठी घरांत प्रथमच 'ही घ्यावी कीं ती घ्यावी' असा वाद ऐकूं येऊं लागला. आज तर दुकानांची रांग पाहिली कीं वधूपित्यासारखी आपली अवस्था होते. स्थळें पुष्कळ, आणि प्रत्येकाची पत्रिका उत्तम.

माझ्या विषयांतील 'पुढची' या शब्दाकडे आपलें लक्ष वेधतों. पहिली मोटारसायकल माणूस हौसेनें घेतो. तिच्या बाबतींत सल्ला देण्यांत अर्थ नसतो. पुढची घेतांना मात्र त्याच्यापाशीं अनुभव असतो, जुन्या गाडीची सवय असते, वाढलेलें वय असतें, आणि घरांत मत देणारीं माणसें असतात. माझेंच उदाहरण घेतों. माझी शंभर घनसेंटिमीटरांची गाडी पंधरा वर्षांची झाली व तिच्या नोंदणीची मुदत संपली. कायद्याप्रमाणें तपासणी करून घेऊन आणखी पांच वर्षें ती चालवितां आली असती. परंतु इंजिनानें आपली दमणूक आवाजानें कळवावयास सुरुवात केली होती, आणि मीहि सत्तावन्नाव्या वर्षांत पदार्पण केलें होतें. नवी गाडी घ्यावयाची असें ठरलें. मग असें दिसून आलें कीं, घरांत गाडी एक येणार, पण तिची चित्रें तिघांच्या मनांत तीन आहेत.

माझ्या मनांतील चित्र जुनें होतें. लहानपणीं आमच्या आळींत एक फौजदार बुलेटवरून येत; त्या गाडीचा संथ, गंभीर नाद ऐकूं आला कीं आम्हीं मुलांनीं खेळ थांबवावा, असा त्या नादाचा दरारा. तो नाद पन्नास वर्षें कानांत राहिला होता. आमचे चिरंजीव एकवीस वर्षांचे. त्यांचें चित्र चाकण येथें तयार होऊन २०२३ सालीं बाजारांत आलेल्या ट्रायंफच्या चारशेंच्या गाडीचें. आणि सौभाग्यवतीचें चित्र? तें तिला कोणीं विचारलेंच नव्हतें. तें पुढें येईल.

प्रथम इंजिनाविषयीं थोडेंसें सांगितलें पाहिजे, कारण दुकानांत गेल्यावर पहिला प्रश्न होतो तो 'किती सी. सी.?' हा. हा आंकडा म्हणजे सिलिंडरमध्यें दट्ट्या खालींवर होतांना जी जागा व्यापतो तिचें घनमाप. परंतु नुसत्या घनमापावरून गाडीचा स्वभाव कळत नाहीं. तें घनमाप कसें साधलें आहे हें पाहावें लागतें. रॉयल एनफील्डच्या ३४९ घनसेंटिमीटरांच्या इंजिनांत सिलिंडरचा व्यास ७२ मिलिमीटर, आणि दट्ट्याची धांव ८५.८ मिलिमीटर. म्हणजे सिलिंडर अरुंद व उंच. उलट ट्रायंफच्या ३९८ घनसेंटिमीटरांच्या इंजिनांत व्यास ८९, आणि धांव अवघी ६४. म्हणजे सिलिंडर रुंद व बुटका. लांब धांवेचें इंजिन मिनिटास थोडे फेरे घेऊनहि भार ओढतें. पहिल्याची जास्तींत जास्त ओढ, जिला यांत्रिक परिभाषेंत टॉर्क म्हणतात, मिनिटास ४,००० फेऱ्यांनाच मिळते. दुसऱ्याची ती मिळावयास ६,५०० फेरे व्हावे लागतात. पण एकदां ते झाले कीं त्याची अश्वशक्ति पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे वीसच्या ठिकाणीं चाळीस. एक बैलासारखें खांदा देऊन ओढणारें, दुसरें घोड्यासारखें उधळण्यास अधीर. दोहोंपैकीं कोणतेंहि वाईट नाहीं. प्रश्न एवढाच, आपणांस नांगरावयाचें आहे कीं शर्यत लावावयाची आहे?

माझी गाडी दिवसा कर्वे रस्त्यावरून कचेरींत जाते व परत येते. महिन्यांतून एकदां आम्ही दोघें वाईस जातों. अंतर सुमारें नव्वद किलोमीटर, वाटेंत खंबाटकीचा घाट. घाटांत मागें माणूस बसलें असतां, पुढील मालमोटारीच्या मागोमाग तिसऱ्या गिअरांत न कुरकुरतां चढणें, एवढीच माझ्या इंजिनाची परीक्षा. ती परीक्षा माझी जुनी शंभरची गाडी रडतखडत उतरत होती. दीडशें-एकशेंसाठ घनसेंटिमीटरांची कोणतीहि चांगली गाडी ती सहज उतरेल. आणि साडेतीनशेंची गाडी तीत पहिला वर्ग मिळवील, हें मी मान्य करतों. पण पहिला वर्ग मिळविण्यासाठीं किती शिकवणी लावावी?

वेगाची गोष्ट तर याहून चमत्कारिक आहे. ताशीं दीडशें किलोमीटर जाऊं शकणारी गाडी घेऊन आपण ती चालविणार कोठें? मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर दुचाकींस मज्जाव. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर मज्जाव. जानेवारी २०२४ मध्यें खुल्या झालेल्या अटल सेतूवरहि मज्जाव. जेथें वेगानें जातां येतें तेथें आपणांस प्रवेश नाहीं, आणि जेथें प्रवेश आहे तेथें म्हशी, गतिरोधक, चुकीच्या बाजूनें येणारे रिक्षावाले आणि भ्रमणध्वनि कानाशीं धरून रस्ता ओलांडणारे सद्गृहस्थ आहेत. वेग ताशीं साठ असतां गाडी एका सेकंदांत सोळा-सतरा मीटर पुढें जाते. संकट डोळ्यांना दिसून हाताला ब्रेक दाबण्याची बुद्धि होईपर्यंत एक सेकंद तर जातोच. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वींच आपण एका मोठ्या दिवाणखान्याच्या दुप्पट-तिप्पट लांबी ओलांडलेली असते. आणि वेग दुप्पट झाला कीं ब्रेक लावल्यानंतरचें अंतर दुप्पट होत नाहीं, चौपट होतें. हें गणित मॅट्रिकच्या पुस्तकांत असे. दुकानांतील रंगीत पत्रकांत मात्र तें नसतें.

येथें चिरंजीवांनीं हरकत घेतली. ते म्हणाले, "बाबा, तुम्ही नुसता वेगच पाहतां. त्या गाडीचे ब्रेकहि तितकेच चांगले आहेत." हरकत रास्त होती, आणि मीं ती कबूल केली. मोठ्या गाड्यांना दोन्हीं चाकांस डिस्क ब्रेक असतात, आणि ब्रेक करकचून दाबला असतां चाक जागच्या जागीं अडकून गाडी घसरूं नये अशी विजेची योजना, जिला ए. बी. एस. म्हणतात, तीहि दोन्हीं चाकांस असते. एकशेंपंचवीस घनसेंटिमीटरांवरील गाड्यांस ही योजना एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली; मात्र लहान गाड्यांत ती पुष्कळदां पुढील चाकापुरतीच असते. ब्रेक लावतांना गाडीचा भार पुढें झुकतो, म्हणून थांबविण्याचें बहुतेक काम पुढचें चाकच करतें; त्यामुळें पुढच्या चाकाला ती असणें हें अगत्याचें. पुण्यांतील पहिल्या पावसांत, रस्त्यावरील पांढऱ्या पट्ट्यांवर ज्यानें एकदां ब्रेक दाबला आहे, त्यास याहून अधिक सांगण्याची जरूर नाहीं. चिरंजीवांच्या हरकतीचा परिणाम असा झाला कीं, ज्या गाडीस ही योजना नाहीं ती आमच्या यादींतून त्याच दिवशीं गळाली. स्वस्त म्हणून मीं मनांतल्या मनांत राखून ठेवलेली नवी शंभरची गाडी तीत गेली.

आतां वजन. या गोष्टीचा विचार दुकानांत कोणी करीत नाहीं, आणि घरीं आल्यावर दुसऱ्या कशाचा करीत नाहीं. स्प्लेंडरसारखी शंभराची गाडी सुमारें ११२ किलोची असते. एनफील्डची क्लासिक १९५ किलोंची. फरक त्र्यांशीं किलोंचा. म्हणजे एक चांगला धट्टाकट्टा पाहुणा कायमचा गाडीवर बसलेला! गाडी धांवत असतां हें वजन जाणवत नाहीं. उलट जड गाडी रस्त्याला धरून चालते, वाऱ्यानें डळमळत नाहीं, आणि स्वाराला एक प्रकारचें भारदस्त समाधान देते. वजन जाणवतें तें गाडी उभी असतां. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर गाड्या लावण्याची जागा उतरती आहे, आणि शेजाऱ्याची मोटार व भिंत यांमधील फटींतून गाडी मागें ओढून काढावी लागते. हें काम पावसाळ्यांत, ओल्या फरशीवर, रोज सकाळीं नऊ वाजतां करावयाचें. डबल स्टँडवर गाडी चढविण्याची कला अंगीं असली तरी गुडघ्यांना ती कला ठाऊक नसते. मी दुकानांत क्लासिकवर बसलों तेव्हां तिचा नाद ऐकून अंगावर रोमांच आले हें खरें. पण तीच गाडी पायांनीं चार पावलें मागें ढकलून पाहिली तेव्हां तो पन्नास वर्षांचा नाद एकदम थोडा दूर गेल्यासारखा वाटला. कोणतीहि गाडी घेण्यापूर्वीं ती चालवून पाहावी असें सर्व सांगतात. मी म्हणतों, ती प्रथम ढकलून पाहावी. बैठकीची उंची पाहावी ती दोन्हीं पायांचे तळवे टेकतात कीं नुसते चवडे टेकतात यावरून. पत्रकांतील मिलिमीटरांवरून नव्हे.

आणि आतां मागें बसणाऱ्या माणसाविषयीं. मोटारसायकलीसंबंधीं जें जें लिहिलें व बोललें जातें तें सारें पुढें बसणाऱ्याविषयीं असतें. ओढ त्याची, वेग त्याचा, ऐट त्याची. मागें बसणारें माणूस म्हणजे जणूं सामान. वास्तविक आपल्या देशांत मोटारसायकल हें दोघांचें वाहन आहे, पुष्कळदां तिघांचें, आणि कधीं कधीं तर संबंध कुटुंबाचें. केंद्र सरकारच्या मोटार वाहन नियमांत या मागच्या माणसासाठीं तीन गोष्टी स्पष्ट सांगितल्या आहेत: हातानें धरावयास पक्की मूठ अगर कठडा, पाय ठेवावयास फूटरेस्ट, आणि मागील चाकाचा निदान अर्धा भाग झांकणारें असें आवरण कीं ज्यामुळें बसणाऱ्याचें वस्त्र चाकांत गुंतणार नाहीं. या आवरणालाच आपण साडीगार्ड म्हणतों. आपल्याकडे बायका डाव्या बाजूस दोन्हीं पाय सोडून बसतात, आणि बहुतेक गाड्यांची साखळीहि डावीकडेच असते, म्हणून तें डाव्या अंगाला. पदर किंवा ओढणी चाकांत जाऊन काय होतें, हें कोणत्याहि रुग्णालयांतील अपघात विभागांत विचारावें. असें असून तरुण मंडळी नवी गाडी आणल्यावर प्रथम काय करतात, तर शोभा जाते म्हणून साडीगार्ड काढून ठेवतात!

केंद्र सरकारचेच आंकडे सांगतों. २०२२ सालीं भारतांत रस्त्यांवरील अपघातांत १ लक्ष ६८ हजार ४९१ माणसें मृत्यु पावलीं. त्यांतील शेंकडा ४४ हून अधिक दुचाकीवरचीं. त्याच वर्षीं हेल्मेट न घालतां जीं मेलीं त्यांची संख्या पन्नास हजारांच्या वर, आणि त्यांपैकीं चौदा हजारांहून अधिक मागें बसलेलीं होतीं. हे चौदा हजार लोक गाडी चालवीत नव्हते. वेग त्यांनीं ठरविला नव्हता. ब्रेक त्यांच्या हातांत नव्हता. आणि गाडी निवडतांना त्यांचें मत घेतलें गेलें असेल असें मला वाटत नाहीं. आमच्या पुण्यांत हेल्मेटच्या सक्तीविरुद्ध मोठमोठ्या चळवळी झाल्या, आणि त्यांत बुद्धिमान माणसांनीं बुद्धिमान युक्तिवाद केले. तो वाद आज उकरून काढीत नाहीं. एवढेंच म्हणतों, युक्तिवाद करणारे बहुधा पुढें बसणारे होते.

म्हणून मीं असें ठरविलें कीं, ज्या गाड्या यादींत उरल्या त्या प्रत्येकीवर सौभाग्यवतीस मागें बसवून घेऊन एक फेरी मारावी. दुकानदारांना ही कल्पना फारशी पसंत पडली नाहीं. एका ठिकाणीं तर विक्रेत्यानें, "मॅडमना कशाला त्रास? गाडी तर साहेबच चालविणार ना!" असें म्हणून आम्हांस हप्त्यांचा तक्ता दाखविण्यास सुरुवात केली. आम्हीं तें दुकान सोडलें. जेथें फेरी मिळाली तेथें ती मुद्दाम खराब रस्त्यानें मारली. कारण गुळगुळीत रस्त्यावर सर्व गाड्या सारख्याच असतात.

निकाल असा. चारशेंच्या गाडीवर मागची बैठक पुढच्यापेक्षां उंच, आंखूड व घट्ट, ती खालीं उतरली आणि म्हणाली, "अहो, ही माझ्यासाठीं केलेलीच नाहीं." साडेतीनशेंच्या गाडीवर तिला सुख वाटलें, बैठक मऊ, कठडा हाताशीं, हादरे कमी. तिचा कौल तीस मिळणार असें दिसूं लागलें, आणि माझ्या कानांतला नाद पुन्हां जवळ आला. तेवढ्यांत एका गतिरोधकानंतर रस्ता उकरलेला होता. गाडी बाजूला घेऊन थांबवावी लागली, माझा एक पाय खड्ड्यांत गेला, आणि गाडी झुकूं लागली. मीं ती तोलून धरली, पडलों नाहीं. पण मागून तिनें माझा खांदा ज्या रीतीनें धरला त्यावरून निर्णय कोणीकडे चालला आहे हें मला समजलें. घरीं आल्यावर चहा घेतां घेतां ती म्हणाली, "तुमची हौस मला ठाऊक आहे. पण अजून दहा वर्षांनीं तुम्ही सदुसष्ट वर्षांचे व्हाल, आणि गाडी तेवढीच जड असेल." या वाक्याला मीं आजवर उत्तर शोधलेलें नाहीं, त्याला उत्तर आहे असें मला वाटतहि नाहीं.

पैशांचा हिशेब थोडक्यांत सांगतों, कारण तो प्रत्येकानें आपापला मांडावयाचा असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तु-सेवा कराची नवी मांडणी झाली. साडेतीनशें घनसेंटिमीटरांपर्यंतच्या दुचाकींवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, आणि त्यापुढच्या गाड्यांवर तो ४० टक्के झाला. ३४९ आणि ३९८ यांत अंतर केवळ एकोणपन्नास घनसेंटिमीटरांचें. करांत मात्र बावीस टक्क्यांचें! चिरंजीवांचा पक्ष या एका फटक्यानें बराच दुबळा झाला. दुसरें, दुकानांतील पाटीवरची किंमत व हातीं पडणारी किंमत यांत रस्त्याचा कर, नोंदणी व विमा यांची भर पडते. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीस तिऱ्हाइताचा विमा पांच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. पेट्रोलचें म्हणाल, तर महिना सहाशें किलोमीटर चाल धरा. लिटरला पन्नास किलोमीटर देणाऱ्या गाडीस बारा लिटर लागतील, पस्तीस देणारीस सतरा. पांच लिटरांचा फरक. लिटर शंभर रुपये धरला तरी वर्षाचे सहा हजार. हा फरक कोणास मोडणारा नाहीं. खरा खर्च असतो तो घसाऱ्याचा. विमा कंपन्यांच्या कोष्टकाप्रमाणें गाडी दुकानाबाहेर पडतांच शेंकडा ५ नें उतरते, वर्ष भरतां भरतां १५ नें, आणि पांचव्या वर्षाच्या अखेरीस निम्मी होते. म्हणजे जितकी महाग गाडी, तितकें तिचें उतरणेंहि महाग.

कांहीं श्रोते म्हणतील, विजेच्या गाडीचें काय? तिचा विचार आम्हींहि केला. रोजच्या शहरांतील फेऱ्यांना ती उत्तम. आवाज नाहीं, धूर नाहीं, आणि चालण्याचा खर्च अगदींच कमी. परंतु आमच्या इमारतींत खालीं वीज भरण्याची सोय करावयाची, तर सभासदांची सर्वसाधारण सभा बोलवावी लागेल, आणि त्या सभेंत काय होतें हें आपणांपैकीं फ्लॅटांत राहणाऱ्यांस सांगावयास नकोच. ज्यांचें स्वतःचें अंगण आहे त्यांनीं मात्र तिचाच विचार आधीं करावा. जुलै २०२४ मध्यें बजाजनें दोन किलो सी. एन. जी. व दोन लिटर पेट्रोल यांवर चालणारी गाडी काढली, तीहि कल्पक आहे. मला तिच्या टांकीपेक्षां पंपावरील रांगेची भीति वाटली. जुनी गाडी विकत घेण्याविषयीं एकच सांगतों. १९९६ सालीं बंद पडलेल्या यामाहाच्या आर्. एक्स. १०० साठीं आज तरुण मुलें वेड्यासारखे पैसे मोजतात. तो गाण्याच्या जुन्या तबकड्या जमविण्यासारखा छंद आहे, कचेरींत जाण्याचें साधन नव्हे.

चिरंजीवांशीं शेवटचें बोलणें झालें तें रात्रीं, गच्चीवर. तो म्हणाला, "बाबा, म्हणजे माझ्या मताला किंमत नाहीं." मीं त्याला स्पष्ट सांगितलें, "तुझ्या मतानें ए. बी. एस. आलें, आणि शंभरची गाडी गेली. ही कांहीं लहान किंमत नव्हे. चारशेंची गाडी तूं आपल्या मिळकतीवर घेतलीस, तर मी तुला अडविणार नाहीं. तेव्हां तुझें वय पंचविशीच्या पुढें असेल. पण रात्रीं बारा वाजतां तूं आला नाहींस म्हणून मी दारांत उभा असतां, ती गाडी माझ्या पैशांची आहे, हा विचार मला नको." तो कांहीं बोलला नाहीं. त्याला पटलें असें मी म्हणणार नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्यानें आपण होऊन भ्रमणध्वनीवर एकशेंसाठ घनसेंटिमीटरांच्या चार गाड्यांची तुलना करून कागदावर मांडून दिली, आणि ती इतकी चोख होती कीं मला त्यांत एक रेघ वाढवितां आली नाहीं.

तर आमच्या घरीं एकशेंसाठ घनसेंटिमीटरांची, वजनानें एकशेंचाळीस किलोंच्या आसपास असलेली, लांबरुंद सपाट बैठकीची व पुढच्या चाकास ए. बी. एस. असलेली एक साधीसुधी गाडी नक्की झाली आहे. तिचें नांव सांगत नाहीं. वर जीं नांवें घेतलीं तीं माहितीसाठीं, आणि नभोवाणीवरून मीं एखाद्या कारखान्याची शिफारस करावी हें बरें नव्हे. साडेतीनशेंच्या गाडीशीं तुलना करतां जे पैसे वांचले त्यांतून भारतीय मानक संस्थेचा छाप असलेलीं तीन हेल्मेटें घेतलीं. सौभाग्यवतीचें तिनें स्वतः निवडलें, आणि दुकानांत चार वेळां घालून, मान हलवून, पट्टा ओढून पाहिलें.

गाडी येत्या आठवड्यांत ताब्यांत मिळेल. ज्यांना लवकरच असा योग येणार आहे त्यांच्यासाठीं जातां जातां चार गोष्टी सांगतों. गाडी दिवसाउजेडीं ताब्यांत घ्यावी. चौकटीवर व इंजिनावर कोरलेले आंकडे कागदांतील आंकड्यांशीं स्वतः ताडून पाहावे. टायरच्या कडेला चार आंकडी खूण असते. पहिले दोन आंकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. त्यावरून टायर किती दिवस गुदामांत पडून होतें तें कळतें. पहिले कांहींशें किलोमीटर इंजिनास ताण देऊं नये, आणि पहिलें तेल सांगितलेल्या वेळीं बदलावें. साडीगार्ड व मागचा कठडा दुकानांतच, आपल्या डोळ्यांदेखत बसवून घ्यावा, आणि मागें बसणाऱ्या माणसानें तो हातानें ओढून पाहिल्यावरच पावतीवर सही करावी. आमच्या पावतीवर ती सही कोणी करावयाची हेंहि आतां ठरलें आहे. रंगाचा प्रश्न तेवढा शिल्लक आहे. काळा कीं लाल, यावर उद्यां रात्रीं जेवणानंतर चर्चा व्हावयाची आहे.